दुसरं वाक्य

"कितें जाता?" दोतोर विचारतात.

"पाठ दुखता. भूक लागना. न्हीद पडना."

गोव्यातल्या सुर्ला गावच्या माणसाची तक्रार इथे संपते. डॉक्टर छातीला नळी लावतात, दंडाला पट्टा गुंडाळून प्रेशर बघतात, चार दिवसांच्या गोळ्या लिहून देतात. पेशंट उठतो, पैसे देतो, निघतो. पाठीच्या मागे जे उभं आहे ते जसंच्या तसं घरी परत जातं. पहाटे तीनला जाग येते आणि उजाडेपर्यंत डोकं थांबत नाही. पोरांचं हसणंसुद्धा कानाला लागतं. भजनाला जाणं कधी सुटलं तेही आठवत नाही. एकदा विहिरीच्या काठाशी उभं असताना नको तो विचार मनात येऊन गेला. हे झालं दुसरं वाक्य. ते दवाखान्यात बोललंच जात नाही.

मनाची तक्रार घेऊन पहिल्यांदा कुठे जायचं, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर सरळ आहे. ताप आला की जिथे जाता तिथेच जा. त्याच डॉक्टरांकडे, त्याच बाकावर, त्याच नंबराने. फक्त पाठीवर थांबू नका. दुसरं वाक्य बोला.

बांबोळीची मनोरुग्ण संस्था चांगली आहे, मोठी आहे, गरज पडली तर तिथे जायलाच हवं. पण सुर्ल्याच्या माणसाने पहिलं पाऊल तिथे टाकावं, ही अपेक्षा मला मान्य नाही. सुर्ल्याहून साखळी, साखळीहून पणजी, पणजीहून बांबोळी. बस बदलत जायचं, रांगेत बसायचं, तसंच परत यायचं. दिवस गेला, रोज बुडाला. वर शेजारच्याने विचारलं, "बांबोळेक कित्याक गेल्लो?" तर काय सांगायचं, ही चिंता वेगळी. साखळीच्या बाजारातल्या दवाखान्यात बसलात तर हा प्रश्न येत नाही. तिथे सगळेच बसतात. सर्दीवालाही तिथे, मधुमेहवालाही तिथे, तुम्हीही तिथे.

आणखी एक गोष्ट. तुमच्या डॉक्टरांना तुमचं घर माहीत असतं. बापाला दारू होती, आईला थायरॉइड आहे, मधल्या भावाने शिक्षण सोडलं, हे त्यांना नव्याने सांगावं लागत नाही. आणि उदासी दिसते तिथे प्रत्येक वेळी मनच आजारी असतं असंही नाही. थायरॉइड मंदावलं की माणूस असाच सुस्त, निरुत्साही होतो. बी-बारा कमी पडलं तरी होतो. काही औषधांनीसुद्धा होतो. आधी हे तपासून बाजूला करायचं काम तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांइतकं सहज दुसरं कोण करणार?

* * *

हे मी उगाच हवेत बोलत नाही. याचा पुरावा आहे, आणि तो आपल्या गोव्यातल्या आरोग्य केंद्रांतून उभा राहिलेला आहे. जगभर वाचल्या जाणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला आहे. आपल्या गावात मात्र त्याचं नावही कोणी काढत नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो.

१९९६ मध्ये डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात 'संगाथ' ही संस्था सुरू केली. मनोविकारतज्ज्ञ मूठभर आणि उदास माणसं गावोगाव, हा हिशेब त्यांच्यासमोर होता. पुढे एका अभ्यासासाठी त्यांनी गोव्यातली २४ ठिकाणं घेतली. १२ सरकारी आरोग्य केंद्रं आणि १२ खाजगी दवाखाने. निम्म्या ठिकाणी गावातल्याच पदवीधर मुलींना दोन महिन्यांचं प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून बसवलं. त्या मुली डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. दवाखान्यात येणाऱ्या माणसांना त्या काही साधे प्रश्न विचारायच्या, त्रास समजावून सांगायच्या, पुन्हा बोलवायच्या. जास्त त्रास असेल तर तिथलेच डॉक्टर गोळी सुरू करायचे आणि अडलं तर मनोविकारतज्ज्ञ मागे उभे असायचे. कपाळावर 'मानसिक रोगी' असा शिक्का कोणी मारला नाही.

या 'मानस' अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. सरकारी केंद्रांत जिथे समुपदेशक होत्या तिथे सहा महिन्यांत शंभरातले सुमारे ६६ जण बरे झाले. जिथे नव्हत्या तिथे सुमारे ४३.

खाजगी दवाखान्यांत मात्र समुपदेशक असण्या-नसण्याने फरक पडला नाही. तिथले पेशंट त्यांच्याशिवायही जवळजवळ तेवढेच बरे होत होते. या आकड्यापाशी मी बराच थांबलो. मी त्याचा अर्थ असा लावतो: जिथे पेशंट पुन्हा पुन्हा त्याच डॉक्टरांकडे जातो, जिथे डॉक्टर नावाने हाक मारतात, तिथे उपचाराचा अर्धा भाग आधीच होऊन जातो. सरकारी केंद्रात दर खेपेला नवा चेहरा, लांब रांग, दोन मिनिटं. तिथे ऐकायला खास माणूस बसवावा लागतो. आणि तो बसवला की चित्र बदलतं. सरकारी केंद्रातल्या डॉक्टरांची ही निंदा नव्हे. ज्यांच्या टेबलावर सकाळभरात केसपेपरांचा गठ्ठा पडतो त्यांच्याकडून अर्धा तास मागणं हा अन्याय आहे. अर्धा तास देणारा दुसरा माणूस तिथे नेमा, एवढंच माझं मागणं.

याच मंडळींनी पुढे गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणखी एक उपचार करून पाहिला. या वेळी नैराश्य अधिक तीव्र असलेले सुमारे पाचशे लोक. अर्ध्या-पाऊण तासाच्या सहा ते आठ भेटी, केंद्रात किंवा घरी. उपचाराचं सूत्र असं की उदास माणूस म्हणतो, बरं वाटलं की बाहेर पडेन. समुपदेशक सांगतो, आधी थोडं बाहेर पडू, बरं वाटणं त्यातून येईल. मग या आठवड्यात काय? रोज संध्याकाळी देवळापर्यंत चालत जायचं. बहिणीला फोन करायचा. परसातलं वाळून गेलेलं माडाचं आळं पुन्हा करायचं. पुढच्या भेटीत विचारायचं, जमलं का, नाही जमलं तर काय आडवं आलं. तीन महिन्यांनी या लोकांतले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के. २०१७ मध्ये हेही 'लॅन्सेट'मध्ये आलं.

* * *

बायकांकडे येतो, कारण त्यांचं दुसरं वाक्य सगळ्यात खोल गाडलेलं असतं.

"अंगावरून पांढरं जातं." "सगळं अंग गळून गेलंय." ही दोन वाक्यं कुठल्याही गावातल्या डॉक्टरांनी हजारदा ऐकलेली असतात. पहिल्याला जंतुसंसर्गाच्या गोळ्या, दुसऱ्याला लोहाच्या. बार्देशात हळदोणे आरोग्य केंद्राच्या परिसरात अडीच हजारांच्या आसपास स्त्रियांची पाहणी झाली आणि २००५ मध्ये तिचे निष्कर्ष आले. महिनोन्महिने थकवा सांगणाऱ्या बायकांचा थकवा रक्तातल्या हिमोग्लोबिनशी जुळत नव्हता. तो जुळत होता गरिबीशी, नवऱ्याच्या जबरदस्तीशी, मनावरच्या ओझ्याशी. पांढरं जाण्याच्या तक्रारीचंही तसंच. संसर्गापेक्षा मनाच्या त्रासाशी तिचं नातं घट्ट निघालं.

याचा अर्थ रक्त तपासू नका असा नाही. रक्त तपासा, लोह द्या. पण लोह देऊनही ती बाई तिसऱ्यांदा तीच तक्रार घेऊन आली, तर सोबत आलेल्या सासूला किंवा नवऱ्याला जरा बाहेर बसायला सांगा आणि मग विचारा, "घरांत सगळें बरें आसा मगे?" आणि उत्तर यायला वेळ लागला तर थांबा. ती दाराकडे बघेल, पदराचं टोक बोटाला गुंडाळेल, "कांय ना" म्हणेल. तरी थांबा.

* * *

पुरुषांचं दुसरं वाक्य सहसा बाटलीत जातं.

सुर्ला, पाळी, वेळगे, कुडणे, हा सगळा पट्टा खाणीवर उभा राहिला. ट्रक घेतला, बँकेचा हप्ता बांधला, घराला स्लॅब पडला. मग १० सप्टेंबर २०१२ ला राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. २०१४ मध्ये बंदी उठली. त्याच न्यायालयाच्या ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने खाणींच्या ८८ लीज रद्द झाल्या आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळं ठप्प. दारात उभ्या ट्रकाची बॅटरी उतरते, टायर बसतात, बँकेचं पत्र मात्र वेळेवर येतं. त्या काळात माणसाच्या कर्जाची चौकशी झाली, ट्रकाची झाली. रात्री झोप लागते का, हे त्याला कोणी विचारलं?

खाणींनी नदीचं आणि शेताचं काय केलं ते मला ठाऊक आहे, त्यावर मी लिहितोही. पण खाणीच्या विरोधात असलेल्यानेही खाणीवरच्या माणसाच्या झोपेची काळजी करावी. कमाई गेली की पुरुषाला घरात बसायला जागा उरत नाही. तो संध्याकाळी बाहेर पडतो आणि गोव्यात संध्याकाळी बाहेर पडलेल्या माणसाला बार फार लांब नसतो. मग पोटदुखी, जळजळ, हाताची थरथर घेऊन तो डॉक्टरांकडे येतो आणि अॅसिडिटीची गोळी घेऊन जातो. "दिवसाला कितलो घेता?" हा प्रश्न न ओरडता, न उपदेश करता विचारला तर बरेच पुरुष खरं सांगतात. गोव्यातल्याच प्राथमिक केंद्रांत जास्त पिणाऱ्या पुरुषांसाठी जास्तीत जास्त चार भेटींचं समुपदेशन करून पाहिलं गेलं. त्यातले ३६ टक्के तीन महिन्यांत धोक्याच्या पातळीखाली आले, समुपदेशन न मिळालेल्यांत २६ टक्के. फरक दहाचा आहे. ज्या घरातला माणूस त्या दहांत असतो त्या घरासाठी तो पुरेसा मोठा आहे.

* * *

डॉक्टरांशी दोन शब्द. तुमच्याबद्दल मला आदर आहे, म्हणूनच सरळ बोलतो.

तुमच्या खोलीत स्टुलावर एक पेशंट बसलेला असतो, त्याच्या मागे पुढचा उभा असतो आणि दारात पडदा धरून तिसरा डोकावत असतो. कंपाउंडर बाहेरून नंबर ओरडतो. पडदा गुडघ्यापर्यंत येतो आणि पंख्याच्या वाऱ्याने तोही उडतो. या खोलीत मूळव्याधीची गोष्टसुद्धा माणूस दबक्या आवाजात सांगतो. रडू येतं हे कसं सांगणार? एका वेळी एकच पेशंट आत आणि दार बंद, एवढं करायला खर्च येत नाही.

दुसरं, प्रश्न विचारायला घाबरू नका. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होतं का, नेहमीच्या गोष्टींतला रस गेला का, या दोन प्रश्नांवर बरंच कळतं. आणि जीव नकोसा झाला असं मनात येतं का, हेही विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. ज्याच्या डोक्यात तो आधीपासून आहे त्याला कोणीतरी विचारल्याने सुटका वाटते.

तिसरं, झोपेच्या गोळीचं. अल्प्राझोलाम लिहून देणं सोपं आहे, पेशंट त्या रात्री झोपतो आणि खूश होतो. पण महिने गेले की ती गोळी सुटत नाही. नैराश्यावरची गोळी वेगळी. तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त, आणि बरं वाटल्यावरही निदान सहा महिने ती घ्यावी लागते. ती व्यसन लावत नाही, मात्र एकदम तोडायचीही नसते. हे पेशंटला सांगितलं नाही तर तो आठव्या दिवशी "कांय उपेग ना" म्हणून गोळी सोडतो, किंवा दुसऱ्या महिन्यात "बरो जालो" म्हणून. दोन्ही वेळा तो परत येतो तेव्हा आधीपेक्षा वाईट अवस्थेत असतो.

आणि पेशंटलाही सांगतो. शेजारणीला लागू पडलेली झोपेची गोळी तुमच्यासाठी नाही. फार्मसीवाला ओळखीचा आहे म्हणून चिठ्ठीशिवाय मागू नका.

* * *

गावात कोणाचं मन बिघडलं की घरचे आधी घाड्याकडे जातात, देवळात कौल लावतात, गाऱ्हाणं घालतात. शिकलेली माणसं यावर नाक मुरडतात. मी मुरडत नाही. गाऱ्हाण्यात काय होतं ते नीट ऐका. माणसाचं नाव घेतात, घराण्याचं नाव घेतात, काय दुखतंय ते मोठ्याने सांगतात, घरची माणसं भोवती उभी राहून "व्हय महाराजा" म्हणतात. एका माणसाचं दुःख सगळ्या घराचं होतं. तीन मिनिटांच्या तपासणीत हे मिळत नाही, म्हणून लोक तिकडे जातात. जाऊ द्या. कौल घ्या, पण त्याच आठवड्यात डॉक्टरांकडेही जा. गोळी चालू असेल तर कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. आणि कोणी माणसाला बांधा, मारा, उपाशी ठेवा असं सांगितलं, तर तिथून उठून या.

आणि मनाचं नाव काढायला लाज वाटत असेल तर हे ऐका: मनाच्या अभ्यासात गोव्याचा माणूस जगाच्या पुढे होता. १७५६ मध्ये कांदोळीत जन्मलेल्या आबे फारियाने पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करून दाखवलं की गुंगी बाहेरच्या कुठल्या चुंबकी शक्तीने येत नाही, ती त्या माणसाच्या स्वतःच्या मनातून येते. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे, बांबोळीच्या संस्थेचं जुनं रूप असलेल्या आल्तिनोवरच्या इस्पितळाला त्याचंच नाव होतं. शाळेच्या सहलीत मुलांना तो पुतळा दाखवतात तेव्हा हेही सांगा की त्या माणसाने मनावर काम केलं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं.

* * *

भीती असते ती गुपित फुटण्याची. लहान गावात ती खोटी नाही. डॉक्टरांच्या दवाखान्यातली मुलगी कोणाची तरी भाची असते. म्हणून हे माहीत असू द्या: २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तुमच्या आजाराची आणि उपचाराची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. "हें भायर वचूंक जायना" असं डॉक्टरांना तोंडावर सांगायचा तुम्हाला हक्क आहे. ज्याने जीव द्यायचा प्रयत्न केला तो तीव्र ताणाखाली होता असंच कायदा गृहीत धरतो. त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे आहेत. तेव्हा पोलिसांच्या भीतीने अशा माणसाला घरात लपवून ठेवू नका, इस्पितळात न्या. रात्री-अपरात्री कोणाशीच बोलता येत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो. तो फोनमध्ये साठवून ठेवा, आज गरज नसली तरी.

याच कायद्याचं १८ वं कलम सांगतं की प्राथमिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सगळ्या सर्वसाधारण आरोग्यसेवेत मनाचे उपचार सामावून घ्यायला हवेत, आणि सामाजिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सरकारी इस्पितळांत मनोविकारांची अत्यावश्यक औषधं फुकट मिळायला हवीत. आपल्या तालुक्याचं सामाजिक आरोग्य केंद्र डिचोलीत आहे. चिठ्ठी घेऊन जा आणि औषध मागा. नसेल तर नाही म्हणून लिहून मागा.

सुर्ल्याच्या पुढच्या ग्रामसभेत रस्ता, पाणी आणि धूळ हे विषय येणारच. त्यांच्याखाली आणखी एक ठराव घाला: आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून ठरलेल्या दिवशी प्रशिक्षित समुपदेशक बसावा, त्याच्यासाठी दार लागणारी एक खोली असावी, आणि तो दिवस पंचायतीच्या फलकावर लिहावा. ठराव कोणीतरी नाव देऊन मांडावा लागतो, दुसऱ्याने अनुमोदन द्यावं लागतं. त्यात एक बाई आणि एक ट्रकवाला असावा असं मला वाटतं. सचिवांकडून ठरावाची प्रत घ्या, आरोग्य संचालनालयाला पाठवा, पोच सांभाळून ठेवा. आणि त्यापुढच्या ग्रामसभेत पहिल्याच विषयाला उभं राहून विचारा, काय उत्तर आलं.